पेटीतून गेलेलं वाचनालय: सयाजीराव गायकवाडांचं ऑफलाइन नेटवर्क

सयाजीराव गायकवाड हे नाव तुम्ही शाळेत ऐकलंय. बडोद्याचे महाराज, डॉ. आंबेडकरांना परदेशी शिकायला शिष्यवृत्ती दिली, दोन मार्क. आपल्यापैकी बहुतेकांची ओळख इथेच संपते. माझीही तेवढीच होती. मग कामाच्या निमित्ताने मी त्यांच्याकडे वेगळ्या दाराने आलो.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि माझं रोजचं काम म्हणजे जिथे नेट धड चालत नाही तिथे मजकूर कसा पोचवायचा. काय आधी फोनमध्ये भरून ठेवायचं, काय रेंज आली की ओढायचं, जुनं काय उडवायचं. ऐकायला साधं वाटतं, पण करायला डोकं खातं. या विषयावर वाचता वाचता मी शंभर वर्षांपूर्वीच्या बडोदे संस्थानात पोचलो. तिथे हाच प्रश्न लाकडी पेट्या, रेल्वे आणि मास्तर यांच्या जिवावर सोडवला होता. म्हणून आज एका राजाची गोष्ट. अ‍ॅपची गोष्ट पुढच्या वेळी.

जन्म १८६३ चा, नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळच्या कवळाण्यात. नाव गोपाळ. गायकवाड घराण्याची एक लांबची शाखा तिथे शेती करून राहत होती, त्यातल्या काशीरावांचा हा मुलगा. तिकडे बडोद्यात १८७५ मध्ये इंग्रजांनी मल्हारराव गायकवाडांना गादीवरून काढलं. आधीचे राजे खंडेराव, त्यांच्या पत्नी जमनाबाईंना दत्तक घ्यायची परवानगी मिळाली. कवळाण्याहून तीन भाऊ बडोद्याला नेले, त्यांतून गोपाळची निवड झाली आणि मे १८७५ मध्ये त्याचं नाव सयाजीराव झालं. वय बारा. आणि या बारा वर्षांच्या राजाला लिहायला-वाचायला येत नव्हतं.

ही गोष्ट नेहमी कौतुकाने सांगतात, शेतकऱ्याचं पोर राजा झालं वगैरे. मला त्यातलं दुसरंच महत्त्वाचं वाटतं. बारा वर्षांचं मूल अक्षर पहिल्यांदा शिकतं तेव्हा त्याला ते शिकणं आठवत राहतं. तुम्हाआम्हाला वाचता येत नव्हतं तो काळ आठवत नाही, सयाजीरावांना नक्की आठवत असणार. इलियट नावाचे इंग्रज शिक्षक नेमले, दिवाण टी. माधवरावांनी कारभार शिकवला. मराठी, गुजराती, इंग्रजी, उर्दू असा सगळा अभ्यासक्रम सहा वर्षांत कोंबला गेला. डिसेंबर १८८१ मध्ये, अठराव्या वर्षी, कारभार त्यांच्या हातात आला.

इथे बडोद्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. बडोदं म्हणजे एकसंध राज्य नव्हतं. बडोदा, कडी, नवसारी आणि पार काठियावाडात अमरेली असे प्रांत तुकड्यातुकड्यांनी पसरलेले, मध्ये दुसऱ्यांचे मुलूख. राजघराणं आणि दरबार मराठी, प्रजा बहुतेक गुजराती. म्हणजे सर्व्हर एका गावात, वापरणारे विखुरलेले, आणि भाषा वेगळी.

वाहतुकीचं म्हणाल तर संस्थानाकडे स्वतःची रेल्वे होती. खंडेरावांच्या काळात, १८६२ मध्ये, डभोई ते मियागाम असा अरुंद रूळ टाकला होता आणि सुरुवातीला त्यावरचे डबे चक्क बैल ओढायचे. इंजिनं नियमित आली ती १८७३ पासून. हे मी उगाच सांगत नाहीये, रेल्वे पुढे परत येईल.

सयाजीरावांनी शिक्षणात हात घातला तो बेताबेताने. १८९० मध्ये कलाभवन सुरू झालं, तंत्रशिक्षणाची शाळा. त्यामागे त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते आणि त्यांचा आग्रह असा की तांत्रिक विषय लोकांच्या भाषेत शिकवायचे. आपले दादासाहेब फाळके तिथे शिकले, सिनेमा काढायच्या कितीतरी आधी. मग १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण, आधी मोजक्या गावांत. आपल्या भाषेत पायलट. तेरा वर्षं ते चालवून पाहिलं, आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानाला लागू केलं. मूल शाळेत पाठवलं नाही तर पालकांना दंड. हिंदुस्थानात असा कायदा तोवर कुठेच नव्हता. ब्रिटिश मुलखात गोखले त्यानंतर काही वर्षांनी असंच विधेयक घेऊन उभे राहिले आणि ते नामंजूर झालं.

चरित्रं साधारणपणे इथे टाळ्या वाजवतात आणि पुढे जातात. मला खरी गंमत पुढेच दिसते. शाळा झाल्या, पोरं अक्षरं शिकली, आणि मग लक्षात आलं की शाळा सोडल्यावर काही वर्षांत ती वाचायला विसरतायत. का नाही विसरणार? घरात पुस्तक नाही, गावात वर्तमानपत्र नाही, वाचावं असं काही डोळ्यांसमोर येतच नाही. शेतात पाटी कोण घेऊन जातं? शिकवायला खर्च केलेला पैसा आणि मास्तरची मेहनत अशी वाहून जात होती.

आज आपण टॅब वाटतो. एका शाळेत मी स्वतः पाहिलेत, कपाटात, खोक्यात, प्लास्टिकचं आवरणसुद्धा न काढलेले. मास्तरांना विचारलं तर म्हणाले चार्जिंग कुठे करायचं, आत काय घालायचं आणि फुटला तर जबाबदार कोण हे कुणी सांगितलं नाही. वाटणाऱ्यांच्या कागदावर ते काम पूर्ण झालेलं होतं. बडोद्यातही १९०६ ला कागदावर काम पूर्ण झालं होतं. सयाजीरावांनी ते झालं असं मानलं नाही, म्हणून मी त्यांच्याबद्दल लिहितोय.

त्यांना प्रवासाचा नाद होता. तब्येतीच्या कारणाने युरोपात जायचे आणि जातील तिथे काहीतरी बघून यायचे. १९०६ मध्ये ते अमेरिकेला गेले, १९१० मध्ये पुन्हा. तिथल्या सार्वजनिक वाचनालयांनी त्यांना धरून ठेवलं. कुणीही आत या, पुस्तक घ्या, घरी न्या. या दुसऱ्या फेरीत त्यांना विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन भेटले, कनेटिकट राज्यातल्या न्यू हेवन गावच्या यंग मेन्स इन्स्टिट्यूटचे ग्रंथपाल. चार्ल्स कटर या नामांकित ग्रंथपालाच्या तालमीत तयार झालेला हा माणूस. सयाजीरावांनी त्यांना तीन वर्षांसाठी बडोद्याला आणलं आणि संस्थानात ग्रंथालयांचं स्वतंत्र खातंच काढलं. पाण्याचं, पोलिसांचं असतं तसं वाचनालयांचं सरकारी खातं.

राजवाड्यातला स्वतःचा पुस्तकसंग्रह त्यांनी या कामाला देऊन टाकला, सुमारे वीस हजार पुस्तकं. त्यावर मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं. बॉर्डननी पुस्तकं लावायला कटर आणि ड्युई या दोन्ही अमेरिकन पद्धतींतून जुळवून बडोद्याची एक वेगळी वर्गीकरण पद्धत बनवली. आणि १९११ मध्ये ग्रंथपालांना शिकवायचा वर्ग सुरू केला. पुस्तकं आधी आणि माणसं नंतर कधीतरी, असा क्रम त्यांनी ठेवला नाही. वाचनालय चालवणं ही शिकायची गोष्ट आहे हे त्या काळी इथे कुणाच्या गावीही नव्हतं. पुस्तकाच्या कपाटाची किल्ली ज्याच्याकडे तो ग्रंथपाल, अशी समजूत. (अजूनही काही ठिकाणी तीच आहे, असो.)

आता पेट्या. शहरात मध्यवर्ती ग्रंथालय झालं, मोठ्या गावांत वाचनालयं निघाली, पण जिथे काहीच नाही तिथे काय? खात्याने फिरती वाचनालयं काढली. मजबूत लाकडी पेटी, आत मोजकी पुस्तकं, बाहेर कुलूप. गावातल्या एखाद्या जबाबदार माणसाने मागणी केली की पेटी निघायची, रेल्वेने, पुढे गाडीने. ने-आण करायचा खर्च खात्याचा, वाचणाऱ्याला एक पैसा नाही. गावाने वाचून झालं की पेटी परत, मग ती दुसऱ्या गावाला आणि इथे दुसरी पेटी.

तुम्ही मोबाइलवर व्हिडिओ लावता तेव्हा तो दर वेळी समुद्रापलीकडच्या सर्व्हरवरून येत नाही. कंपन्या लोकप्रिय गोष्टींच्या प्रती तुमच्या जवळपासच्या शहरात ठेवतात, म्हणजे लांबचा फेरा वाचतो. याला आम्ही कॅशे म्हणतो. जवळ सगळं ठेवता येत नाही, जागा कमी असते, म्हणून काय ठेवायचं आणि कधी बदलायचं हे ठरवणं म्हणजेच निम्मं काम. बडोद्याच्या पेटीला हाच प्रश्न होता. पेटीत हजार पुस्तकं मावत नाहीत. तेव्हा कुठल्या गावाला गुजराती किती, मराठी किती, गोष्टींची किती, शेतीची किती, बायकांसाठी काय, पोरांसाठी काय, हे कुणीतरी बसून निवडायचं होतं. आमच्याकडे ते प्रोग्रॅम करतो, मागच्या आठवड्यात काय जास्त पाहिलं गेलं ते मोजून. तिथे शिकलेला ग्रंथपाल करायचा. खरं सांगायचं तर माझी पसंती ग्रंथपालाला. प्रोग्रॅमला मागणी दिसते, गरज दिसत नाही. ज्या गावाने कधी पुस्तक पाहिलंच नाही ते काय मागणार?

पण पेटी आली आणि गेली एवढ्यावर गाव वाचतं होत नाही. इथे मोतीभाई अमीन हे नाव आलं पाहिजे, महाराष्ट्रात फारसं कुणाला माहीत नसलेलं. चरोतर भागातले शिक्षक. सरकारी खातं निघण्याआधीच, १९०६ च्या सुमारास, त्यांनी गावोगावी मित्रमंडळ वाचनालयं सुरू केली होती, लोकांकडून थोडे थोडे पैसे जमवून वर्तमानपत्रं आणि पुस्तकं आणायची अशी. सयाजीरावांनी या माणसाला खात्यात घेतलं आणि खेड्यांतल्या वाचनालयांचं काम सोपवलं. अमेरिकन तज्ज्ञ वर आणि गावचा मास्तर खाली एवढीच ही रचना नव्हती. बॉर्डन १९१३ मध्ये परत गेले, मोतीभाई राहिले, आणि खेड्यांतला पसारा वाढला तो मुख्यतः त्यांच्यासारख्यांमुळे.

पैशाची पद्धतही लक्षात ठेवण्यासारखी. वाचनालयासाठी गावाने आधी आपला वाटा जमवायचा, मग तेवढेच पैसे प्रांताच्या पंचायतीने घालायचे आणि तेवढेच सरकारने. एक तृतीयांश, एक तृतीयांश, एक तृतीयांश. गावाने काहीच काढलं नाही तर वरून काही येणार नाही. यात एक त्रास आहे, गरीब गाव मागे राहतं. त्यासाठी फुकट पेटी होतीच. पण ज्या गावाने आपल्या खिशातून पैसे घातले ते वाचनालय कपाटात बंद ठेवत नाही, हे टॅबची खोकी पाहिल्यावर मला जास्त पटतं. सयाजीरावांच्या अखेरीपर्यंत संस्थानातल्या वाचनालयांचा आकडा हजाराच्या पुढे गेला होता. अनेक ठिकाणी शाळेचा मास्तरच ग्रंथपाल.

मास्तर आणि ग्रंथपाल यांच्यासाठी खात्याने १९१२ मध्ये एक नियतकालिकही काढलं, लायब्ररी मिसेलनी, इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत. नवी पुस्तकं कोणती, वाचनालय कसं लावायचं, बाहेरच्या देशांत काय चाललंय, अशी माहिती. लांबच्या गावात एकट्या पडलेल्या माणसाला आपल्यासारखं काम करणारे आणखी कुणी आहेत हे कळणं ही मोठी गोष्ट असते. ते काही वर्षंच चाललं. मराठी ग्रंथपालांना मराठीत वाचायला मिळेल असं व्यावसायिक नियतकालिक १९१२ मध्ये निघालं होतं, हे वाचून मी जरा वेळ थांबलो.

आणि ज्यांना वाचताच येत नाही त्यांचं काय? खात्यात दृश्य-शिक्षणाची एक शाखा होती. सिनेमाचं यंत्र, काचेच्या चित्रपट्ट्या दाखवणारा दिवा, दोन डोळ्यांनी पाहायची खोल दिसणारी चित्रं, हे सगळं घेऊन माणसं गावोगावी फुकट खेळ करायची. आपल्याकडे कुणी म्हणालं की हल्लीची पोरं व्हिडिओच बघतात, वाचत नाहीत, तर मला ही शाखा आठवते. तिथे ती वाचनालयाच्या खात्यातच होती, त्याच्या विरोधात नव्हती. मुलांसाठी वेगळी खोली आणि खेळ, स्त्रियांसाठी वेगळी सोय, हेही मध्यवर्ती ग्रंथालयात होतं.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल सगळं आबादीआबाद होतं. नव्हतं.

अस्पृश्यांच्या मुलांसाठी सयाजीरावांनी कारभार हाती घेतल्या घेतल्याच शाळा काढल्या होत्या. पण त्या शाळांत शिकवायला सवर्ण हिंदू शिक्षक तयार होत नसत. मुसलमान शिक्षक नेमावे लागले, आणि १९०८ मध्ये पंजाबातून आर्य समाजाचे पंडित आत्माराम यांना बोलावून ते काम त्यांच्याकडे द्यावं लागलं. शाळा बांधणं राजाच्या हातात होतं, मास्तरच्या मनातलं बदलणं नव्हतं.

आणि मग १९१७. भीमराव आंबेडकर, बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेलेले, करारानुसार बडोद्याची नोकरी करायला आले. शहरात त्यांना राहायला कुणी जागा देईना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहिले. ते उघड झालं आणि लाठ्या घेतलेली माणसं दारात आली. कुठल्याच मित्राच्या घरी सोय होईना, दरबारातूनही तोड निघाली नाही. कामाठी बागेत बसून वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. नोकरी तिथेच संपली. त्यांनी पुढे हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे.

बघा, ते शहर कोणतं? ज्या शहरात पुस्तकं कुणालाही देणारं ग्रंथालय उभं राहिलं होतं, ज्या शहरातून पेट्या शेकडो गावांना निघत होत्या, ते. गावात पेटी पोचली हे खात्याच्या वहीत लिहिता येतं. ती कुणाच्या ओट्यावर उघडली आणि त्या ओट्यावर कोण चढू शकत होतं, हे वहीत येत नाही. आमच्या डॅशबोर्डवरही येत नाही. किती फोनमध्ये अ‍ॅप आहे ते मला दिसतं, घरातला तो एक फोन भावाच्या हातात असतो की बहिणीच्या ते दिसत नाही. सयाजीरावांच्या कामाचं कौतुक करताना हा भाग गाळला तर ते चरित्र अर्धं राहील असं माझं मत आहे. त्यांनी आंबेडकरांना शिकवलं हे खरं, त्यांच्या राजधानीत आंबेडकरांना छप्पर मिळालं नाही हेही तितकंच खरं.

वाचनालयांचं काम चालू राहिलं. बॉर्डननंतर जनार्दन सखाराम कुडाळकर आणि मग न्यूटन मोहन दत्त यांनी खातं सांभाळलं. १९३१ हे वर्ष मला विशेष आवडतं, कारण त्यात दोन गोष्टी झाल्या. एक, मध्यवर्ती ग्रंथालयाची नवी इमारत. आतले रॅक पोलादी, अमेरिकी बनावटीचे, आणि मजल्यांची जमीन जाड काचेची, म्हणजे वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत पोचावा. विजेवर कमीत कमी अवलंबून आणि आगीपासून जपलेलं. असा विचार करणाऱ्या माणसाशी मला चहा प्यायला आवडलं असतं.

दुसरी गोष्ट, श्री सयाजीशासन शब्दकल्पतरू. कारभारात वापरायच्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी, उर्दू, फारसी आणि बंगाली प्रतिशब्द देणारा कोश. तुम्ही कधी फोनची भाषा मराठी करून पाहिली असेल तर सेटिंग्जमधले काही शब्द वाचून हसू आलं असेल. आम्ही लोक अ‍ॅपचं मराठीकरण करतो तेव्हा प्रत्येक जण आपापला शब्द घडवतो, म्हणून ती गंमत होते. एक शब्द एकदा ठरवायचा, सगळ्या खात्यांनी तोच वापरायचा, आणि तो शेजारच्या भाषांत काय आहे ते आधी बघायचं, हे काम बडोद्यात झालं होतं. त्यातले सगळे शब्द रुळले नाहीत. पण पद्धत बरोबर होती, आणि आजही अशी सामायिक यादी असती तर माझे निदान दोन वाद दर महिन्याला वाचले असते.

आज शिक्षकाला किंवा छोट्या गावातल्या ग्रंथपालाला फुकट मिळणाऱ्या गोष्टी काही कमी नाहीत. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये आहेत, पाठ्यपुस्तकावरचा क्यूआर कोड दीक्षा अ‍ॅपवर नेतो, मराठी विश्वकोश पूर्ण ऑनलाइन आहे, राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे. तुमच्या गावच्या वाचनालयात एखादे काका बसत असतील तर त्यांना एवढं दाखवा की विश्वकोशातली नोंद शोधायची कशी, आणि पीडीएफ एकदा उतरवून ठेवली की पुन्हा नेट लागत नाही. अर्ध्या तासाचं काम आहे. पेटी आता त्यांच्या खिशात आहे, फक्त ती उघडून दाखवायला कुणी आलेलं नाही.

१९३२ मध्ये कोल्हापूरला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष सयाजीराव होते. बाराव्या वर्षी अक्षर न ओळखणारा मुलगा. ६ फेब्रुवारी १९३९ ला मुंबईत त्यांचं निधन झालं. मोतीभाई अमीनही त्याच वर्षी गेले. दहा वर्षांनी, १९४९ मध्ये, बडोदं मुंबई राज्यात विलीन झालं आणि ग्रंथालयांचं ते स्वतंत्र संस्थानी खातं इतिहासजमा झालं. मध्यवर्ती ग्रंथालयाची इमारत मात्र बडोद्याच्या मांडवी भागात अजून आहे, काचेच्या जमिनीसकट, आणि तिथे आजही पुस्तकं घरी नेता येतात.